रूपाबाईची साक्ष

हिंगोली, १२ ऑगस्ट १९९७

आशास सोजराचा सलाम, रामराम आणि जयभीम. तिन्ही लिहिले आहेत, तुला चालेल तो घे. राग अजून असेल तर एकही घेऊ नकोस, पण पत्र वाच.

हे पत्र जनकाबाई कासारणीच्या टोपलीतून येतंय. वर बांगड्या, खाली मी. पोस्टानं पाठवलं असतं तर तुझ्या मालकांनी, वैजनाथरावांनी, आधी फोडलं असतं. बाई बांगड्या भरायला बसली की पुरुष जवळ थांबत नाही, एवढा एक आडोसा आपल्याला अजून शिल्लक आहे.

तुम्ही जवळा बाजारला गेलात हे मला तुझ्या घरमालकिणीनं सांगितलं. लाइनमनची बदली होतेच, त्यात नवल नाही. पण तुझं सामान ट्रकात चढत होतं तेव्हा मी दुकानातच होते, आणि तू मागच्या गल्लीनं गेलीस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू? तुझा हिरवा ब्लाउज माझ्याकडंच राहिलाय. कोपराखाली उतरणाऱ्या बाह्या, पाठ मानेपर्यंत बंद, तू सांगितलास तसाच. फक्त हुक लावायचे आहेत.

आता त्या शुक्रवारचं बोलते. तू म्हणशील, पुन्हा तेच. व्हय, पुन्हा तेच.

आपली पंगतच अजब होती, आशा. पुसेगावच्या शेतकऱ्याची लेक तू. बौद्धवाड्यातली कपडे शिवणारी मी, जिच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि मशिनीच्या खणात येशूचं शास्त्र. आणि केरळच्या मरियम्मा सिस्टर, ज्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट माझ्याकडं यायच्या. शास्त्र वाचून वाचूनच त्या मराठी शिकल्या, म्हणून चहात साखर कमी पडली तरी 'मजला किंचित गोडवा द्यावा' म्हणायच्या आणि तू तोंडात पदर कोंबायचीस. मशिनी भिंतीला सरकवायच्या, त्यांच्याखाली तुझ्या आरोहीला चिंध्यांशी खेळायला बसवायचं, सतरंजी टाकायची, एकाच तांब्यातलं पाणी सगळ्यांनी प्यायचं. पहिल्यांदा तू तो तांब्या हातात घेऊन क्षणभर थांबली होतीस. मग प्यालीस. ते मी विसरले नाही, म्हणून तर एवढा राग येतो.

दर शुक्रवारी तू प्रार्थनेला विषय द्यायचीस. कधी पाठ दुखते, कधी खांदा धरला, कधी न्हाणीत पाय घसरला. आणि आम्ही डोळे मिटून म्हणायचो, 'हे प्रभो, आशाला पडण्यापासून राख.' देवाला वाटलं असेल, या बायका मला काय दूधखुळा समजतात की काय. सिस्टर दवाखान्यातल्या. पडल्याचा डाग कोणता आणि मारल्याचा कोणता, हे त्यांना कळत नव्हतं? आणि मी तर तुझं माप घेत होते. ऐन उन्हाळ्यात बाई लांब बाह्या शिवून घेते, ती काय फॅशन म्हणून?

मग रूपाबाई आली. तुझ्या घरामागं भाड्यानं राहायला आलेली तांड्यावरची बाई. तूच तिला घेऊन आलीस. दोन-तीन शुक्रवार ती गप्प बसली. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "रूपाबाई, आज आपण उभे राहावे. साक्ष द्यावी."

आपल्यात साक्ष म्हणजे काय, हे तुला-मला ठाऊक. देवानं माझ्यासाठी काय केलं ते चारजणींत सांगायचं. ताप उतरला, पोरगं पास झालं, मन शांत झालं. रूपाबाई उठली. पदर कमरेला खोचला. सिस्टरांच्या मांडीवरच्या शास्त्रावर उजवा हात ठेवला आणि समोर भिंतीवर टांगलेल्या कागदी नमुन्याकडं बघत म्हणाली, "देवाची शपथ घेऊन खरं सांगते. मी रूपाबाई धर्मसिंग, राहणार आशाबाईच्या पाठीमागं. आशाबाई न्हाणीत पडली न्हाई. वैजनाथनं तिला फुकणीनं मारलं. मी दारातून पाहिलं. लेकरू कोपऱ्यात हुतं."

एवढं बोलून ती तशीच उभी राहिली, कोणीतरी 'बसा' म्हणेल याची वाट बघत.

तू पांढरी पडलीस. म्हणालीस, "खोटं हाय. सोजरा, तू सांग हिला."

मी म्हणाले, "आशा, तुझ्या पाठीचं माप मी घेते."

यात माझं काय चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही. पुन्हा विचारलंस तर पुन्हा तेच सांगेन. पण तू दारातून जे बोलून गेलीस ते मात्र रुतून बसलंय. "मी तुझ्यापाशी कपडे शिवायला यायची, पंचनामा करून घ्यायला न्हाई."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुठीत लेकरू गुदमरत असेल तर?

उत्तर दे. जनकाबाईजवळ तोंडी दिलंस तरी चालेल.

सोजरा


हिंगोली, ५ जानेवारी १९९८

आशा,

जनकाबाई म्हणाली, "पत्र घेतलं, पोलक्यात खोचलं. बोलली मातर काईच न्हाई." बरं. पोलक्यापर्यंत तरी पोचले.

नाताळ झाला. सिस्टरांनी केळ्याचे काप तळून आणले, मी करंज्या केल्या. आमचे मालक भीमराज, जे एरवी 'तुमचा देव शुक्रवारच्या बाजारालाच येतो का' म्हणून मला छळतात, त्यांनी रंगीत कागदाची चांदणी करून दारावर लावली. वर मला म्हणाले, "हे मी तुझ्या देवासाठी न्हाई केलं, तुझ्यासाठी केलं." एवढं गोड बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. रूपाबाईनं असं काहून केलं, ते मला आता कळलं.

तू गेल्यापासून ती येते पण दाराशी बसते. गाणं सुरू झालं तरी तिचे ओठ हलत नाहीत. प्रार्थनेची पाळी तिच्यावर आली की ती उठून तांब्या भरायला जाते. मी एकदा मशिनीवरून उठलेच आणि तिला धरून विचारलं, "बाई, तुला त्या दिवशी काय झालं हुतं? भर बायकांत तिची अब्रू का काढली?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "सिस्टरबाईनं साक्ष मागितली ना?"

तिच्या भावाची, धनसिंगची, बांधावरून मारामारी झाली होती. तेव्हा तिला कोर्टात उभं केलं होतं. जन्मात 'साक्ष' हा शब्द तिनं तेवढा एकदाच ऐकला होता. वकिलानं तिच्याकडून घोकून घेतलं होतं, डोळ्यानं पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकीव सांगायचं न्हाई, कोणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. शास्त्र बघितल्यावर तिला वाटलं, हे शपथेचंच पुस्तक. आणि आपण सगळ्या गोल बसलेल्या पाहून तिला वाटलं, आशाबाईचा न्याय करायला बायका जमल्यात. "मला वाटलं तुमी इतक्या शुक्रवारी तेच करून राहिल्या," ती म्हणाली. "म्हणलं, माझी पाळी आली की मी खरं सांगीन, मंग वैजनाथला बोलावतील."

मला हसू आलं, आशा, आणि हसता हसता रडायला आलं. करायला गेली काय आणि झालं काय! साऱ्या हिंगोलीत तुझा न्याय होईल असं एकाच बाईला वाटलं होतं, आणि तिचा शब्द चुकला.

आता ती म्हणते, "माझ्या साक्षीनं एक बाई उठून गेली. मी आता देवाच्या घरात तोंड उघडणार न्हाई." मी तिला लाख समजावलं. तिला माझं समजावणं नको आहे, तुझं हवं आहे.

सोजरा


हिंगोली, २० मे १९९९

आशा,

हिंगोलीचा जिल्हा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले. भीमराज म्हणाले, आता कलेक्टर इथं बसणार. मी म्हटलं, बसू द्या, आमच्या मशिनीला तेल कोण घालणार ते सांगा.

जनकाबाई आता माझ्याशीही कमी बोलते. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "गेल्या खेपेला बांगड्या भरल्या त्या या खेपेला साऱ्या फुटल्या हुत्या. मी विचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई." आणि आपली टोपली उचलून निघून गेली. मला वाटलं, जनकाबाईसुद्धा आपल्याच पंगतीतली झाली. सगळ्यांना दिसतं आणि सगळ्या मूग गिळून बसतात. दवाखान्यात याला मुका मार म्हणतात. मार कसला मुका असतो? मुकी असते ती बाई.

मी हल्ली प्रार्थना करते तेव्हा देवाशी भांडते. 'पडण्यापासून राख' आता म्हणत नाही. सरळ नाव घेऊन म्हणते, वैजनाथचा हात धर. पहिल्यांदा मी हे मोठ्यानं म्हणाले तेव्हा सिस्टरांनी डोळे उघडले. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "आमेन." आणि मग त्यांची ती शास्त्रातली मराठी सोडून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सोजरा, मला माहीत होतं. मी मलम देत राहिले."

रूपाबाई दाराशी बसून ऐकत होती. तिचं ते गप्प बसणं आता खोलीतल्या सामानासारखं झालंय, वळसा घालून जावं लागतं.

तू प्रार्थना करतेस का गं अजून?

सोजरा


हिंगोली, ८ नोव्हेंबर २००१

आशा,

तुझ्याकडं मी कधी काही मागितलं नाही. आज मागते, आणि माझ्यासाठी मागत नाही.

रूपाबाईला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. कोणी तिला सांगितलं नाही, कोणी आमिष दाखवलं नाही. उलट तिचा भाऊ धनसिंग दोनदा येऊन समजावून गेला. तिनं त्याला सांगितलं, "मी तांडा सोडला न्हाई, तुला सोडलं न्हाई. माझं मन तिकडं बसलं, तर मी काय करू?" अखेर तोच म्हणाला, तुझी मर्जी. इतकी वर्षं तोंड न उघडता जी दर शुक्रवारी येते, तिच्या मनाचं मी काय सांगणार? आमचा विश्वास तोंडात असतो. तिचा कुठं आहे ते तिलाच ठाऊक.

नांदेडहून चर्चचे पाळक आले होते. भला माणूस. ते म्हणाले, काही हरकत नाही, फक्त नदीवर सर्वांसमोर साक्ष द्यावी लागेल, तशी रीत आहे. तो शब्द ऐकला मात्र, रूपाबाई उठली आणि चपला घालून चालू लागली. मी मागं धावले. गल्लीच्या तोंडाशी तिला गाठलं. म्हणाली, "सारं करीन सोजराबाई. उपास करीन, गुडघ्यावर चालत जाईन. साक्ष तेवढी मागू नका."

पाळक म्हणाले, मग थांबू या. थांबलोय.

तिचं सगळं तुझ्या एका शब्दावर अडलंय. तू ये म्हणत नाही. वैजनाथराव येऊ देणार नाहीत हे मला कळतं. जनकाबाईच्या कानात तेवढं सांग, 'रूपाबाई खरं बोलली.' तुला ते सांगणं म्हणजे काय आहे, हेही मला कळतं. ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की पुन्हा न्हाणीत पडता येणार नाही.

तरी मागते.

सोजरा


हिंगोली, १४ ऑक्टोबर २००२

आशा,

तुझ्या गप्प बसण्यावर मी रुसले होते, म्हणून इतके महिने लिहिलं नाही. काल दुकानात एक उंच पोरगी आली आणि म्हणाली, "मावशी, वळखलं का?" नाक तुझं, उभं राहण्याची ढब तुझी. तरी ओळखायला वेळ लागला, कारण मान वर करून बघणारी तू मला आठवतच नव्हतीस.

आरोहीनं सगळं सांगितलं. तुम्ही मायलेकी पुसेगावला संतरामभाऊंकडं आल्या आहात, त्यांनी मागची खोली दिली, आणि वैजनाथराव न्यायला आले तेव्हा भावानं अंगणातूनच परत लावलं. भाऊ असावा तर असा. तुझ्या भावजयीलाही माझा रामराम सांग.

पण त्याच्या आधीचं जे तिनं सांगितलं, ते तुला माहीत आहे का, हे मला माहीत नाही, म्हणून लिहिते. तिच्याच शब्दांत लिहिते.

"बाबांनी फुकणी उचलली तवा मी त्यांचा हात धरला, मावशी. म्हणलं, मारा, पण मी साऱ्यांपुढं सांगीन. गावापुढं, हापिसात, कुठं बी. मी साक्ष दीन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आन् फुकणी टाकून दिली."

मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?"

म्हणाली, "रूपामावशीनं. मी तवा मशिनीखाली चिंध्यांशी खेळत हुते ना. तुमी सगळ्या डोळे मिटून बसायच्या. ती एकलीच उठली. मला इतके दिवस वाटायचं, साक्ष म्हंजी तेच असतं."

आशा, मी कात्री खाली ठेवली. आपण म्हणत होतो शब्द चुकला. चुकलेला शब्द एका लेकरानं बरोबर उचलून घरी नेला आणि मोठं होईपर्यंत जपून ठेवला.

हे मी रूपाबाईला सांगितलेलं नाही. आरोही भेटली हेही नाही. ती अजून तुझ्या जुन्या घरामागंच राहते, हाकेच्या अंतरावर. सांगायला तोंड शिवशिवतंय, तुला माझं तोंड माहीत आहे. पण ते सांगणं माझं नाही.

आता पत्र सरळ पोस्टानं पाठवते. फोडणारं कोणी नाही.

सोजरा


पुसेगाव, २ नोव्हेंबर २००२

सोजरास आशाचा सलाम.

तुजी सगळी पत्रं हायती. चुलीत घालाया हात झाला न्हाई. मी प्रार्थना करते का म्हून इचारलं हुतं. करते. चुलीपाशी. फुकणीकडं बघत करायची, आता चुलीकडं बघून करते.

हिरवा ब्लाउज असंल तर बाह्या आखूड कर. दंडापावतर. गळा बी मागून उघडा ठिव.

येत्या शुक्रवारी येते. रूपाबाईला सांगू नको.

आशा


हिंगोली, १६ डिसेंबर २००२

आशा,

त्या शुक्रवारी तू पाच वाजताच्या गाडीनं गेलीस आणि तुझ्या मागं जे झालं ते तुला कळायलाच हवं. संतरामभाऊंच्या घरी राहून तुला नदीवर बाप्तिस्म्याला येणं जमणारं नव्हतं. मी मनावर घेतलं नाही, तूही नको वाईट वाटून घेऊ. ज्यानं खोली दिली त्याच्या मनाला जपावंच लागतं.

आधी त्या शुक्रवारचंच थोडं. पडद्याआड मी तुझं माप घेतलं. बारीक झालीस फार, दोन्ही बाजूंनी शिवण आत घ्यावी लागली. पाठीवर टेप ठेवली आणि तू दचकली नाहीस. मग तू आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून बाहेर आलीस, सतरंजीवर न बसता उभीच राहिलीस, आणि कोणी न सांगता शास्त्रावर हात ठेवलास. "मी आशाबाई. मी न्हाणीत पडले न्हवते. रूपाबाई खरं बोलली हुती." सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. मग तू दाराशी गेलीस, जिथं ती बसली होती, आणि म्हणालीस, "पाणी दे." तिनं तांब्या इतक्या घाईनं पुढं केला की अर्धं तुझ्या पदरावर सांडलं. उरलेलं तू प्यालीस.

आरोहीची गोष्ट तूच तिच्या कानात सांगितलीस ना? मला ऐकू आली नाही, पण मला तिचं तोंड दिसलं.

तू गेल्यावर तिनं उठून सतरंजी झाडली, मशिनी जागेवर लावायला मला हात दिला, आणि म्हणाली, "नदीवर कधी जायचं?" बस्स, एवढंच.

पाळकांना महिनाभरानं सवड झाली, काल गेलो. नरसीच्या अलीकडं कयाधूच्या डोहात कमरेइतकं पाणी होतं. थंडी अशी की सिस्टरांचे दात वाजत होते. भीमराजही आले होते, काठावर रूपाबाईची घोंगडी धरून उभे. मी म्हटलं, "तुमी काहून आलात?" म्हणाले, "पाण्यातून निघाल्यावर घोंगडी कोण देणार, तुझा देव?" धनसिंग लांब, बाभळीखाली उभा होता. आला होता, एवढं खरं. नामदेवाच्या दर्शनाला चाललेली दोन-चार माणसं पुलावर थांबून बघत होती.

पाळक पाण्यात उतरले. रूपाबाई उतरली. ते जरा चाचरतच म्हणाले, "बाई, साक्ष..."

तिनं त्यांच्या हातातल्या शास्त्रावर हात ठेवला. या वेळी ती भिंतीकडं बघत नव्हती, नदीला भिंत नसते. आमच्याकडं बघत म्हणाली, "मी रूपाबाई धर्मसिंग. डोळ्यानं पाहिलं तेवढंच सांगते. देव मी पाहिला न्हाई. एक बाई माझ्यामुळं रुसून गेली हुती. मी तिच्यासाठी रोज मागितलं, मुक्यानं मागितलं. ती शुक्रवारी आली. आखूड बाह्याचा ब्लाउज घालून आली. तिच्या दंडावर वळ नव्हता. माझ्या हातचं पाणी प्याली. एवढंच पाहिलं."

आणि ती पाण्यात तशीच उभी राहिली, कोणीतरी 'बसा' म्हणेल याची वाट बघत.

पाळक गोंधळले. अशी साक्ष त्यांनी कधी ऐकली नसावी. त्यांनी काठावर आमच्याकडं पाहिलं, हे चालेल का, असं विचारल्यासारखं.

मी म्हणाले, "बराबर हाय, साहेब. मी बी पाहिलंय."

तुझी
सोजरा